कोटाची उलटी बाजू

कपडा हातात आला की मास्तर आधी तो उलटा करायच्या. गिऱ्हाईक नवाकोरा कोट मिरवत आलेलं असो नाहीतर फाटकी विजार घेऊन, यांची बोटं बाहीत शिरणार, आतली बाजू बाहेर काढणार, आणि मगच तोंड उघडणार. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून बाई असूनही त्या मास्तरच. एकतीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसून त्यांनी दुसऱ्यांनी बिघडवलेले कपडे सुधारले होते आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता.

दुकानाच्या बरोबर वरच्या खोलीत सहा जण मिळून व्हिडिओ गेम बनवत. त्यातली एक त्यांची भाची, भावाची मुलगी. ती गेमची गोष्ट लिहायची. म्हणजे नेमकं काय, ते मास्तरांना दोन वर्षांत उमगलं नव्हतं. गोळ्या झाडायच्या का? नाही. शर्यत लावायची का? तीही नाही. एकट्यानं बसून खेळायची गोष्ट असते म्हणे. मग सरळ पुस्तक वाचावं की, असं म्हणून त्या पुन्हा मशीन चालवायला लागत.

एका दुपारी भाची खाली आली आणि स्टुलावर बसून चिंध्यांचे धागे उसकटत राहिली. मास्तरांनी विचारलं नाही. धागे संपले तशी ती आपणच बोलायला लागली. गेममधली मुलगी हरवलेल्या बापाला शोधायला घर सोडते. निघण्याआधी आई बापाचा जुना कोट ठिगळ लावून तिच्या अंगावर घालते. तीन मिनिटांचा प्रसंग. पळापळ नाही, मारामारी नाही. वरचा मुख्य माणूस, ज्याला सगळे कप्तान म्हणत, तो हा प्रसंग कापायला निघाला होता. लोक कंटाळतील, हे त्याचं एकच पालुपद. शेवटी ठरलं ते असं, की कधीच गेम न खेळलेल्या माणसाला बसवायचं. त्यानं चुळबुळ केली की प्रसंग गेला.

"तू येशील, आत्या? फक्त जांभई देऊ नकोस."

"खोटं कौतुक हवं असेल तर तुझ्या बापाला ने," मास्तर म्हणाल्या. "तू जन्मल्यापासून तो तेच करतोय."

तरी त्या गेल्या. वर जिकडेतिकडे वायरी आणि उष्टे कप. हातात दिलेलं ते बटणांचं यंत्र त्यांनी आधी उलटं करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं गेममधली मुलगी विहिरीच्या कठड्यावर आपटत राहिली. मग जमलं. मुलगी घरात शिरली, आई सुई घेऊन बसली, प्रसंग सुरू झाला. एक मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटाला मास्तरांनी यंत्र मांडीवर ठेवलं. कप्तानानं भाचीकडे पाहिलं. भाचीनं जमिनीकडे.

"कंटाळा आला," मास्तर म्हणाल्या.

भाचीचा चेहरा पडला. पण मास्तरांचं बोलणं संपलं नव्हतं.

"ही बाई सुलट बाजूनं ठिगळ लावतेय. कोट एकदाही उलटा केला नाही. दोऱ्याला गाठ नाही. हिला शिवता येत नाही, हे मला दिसतंय, मग हिच्या डोळ्यांतलं पाणी मी खरं कसं मानू? आणि इतका वेळ मला विहिरीवर आपटायला दिलंत. पोरगी घर सोडायची वेळ आली, तेव्हा मात्र माझे हात रिकामे. सुई माझ्याकडे द्या."

कप्तान हसला. गेममध्ये शिवत कोण बसणार, आणि बसलं तरी लोकांची शिवण वाकडी येणार, असं त्याचं म्हणणं.

"येऊ दे. वाकडी शिवण कुणाची ते ओळखू येतं."

ते वाक्य भाचीनं उचललं. कप्तानाकडून तिनं एक आठवडा मागून घेतला. रोज दुपारी मास्तर जुना कोट घेऊन वर जायच्या, आणि त्या सहांतली, गेममधली चित्रं हलवणारी मुलगी त्यांच्या बोटांवर कॅमेरा लावून बसायची. गाठ कशी मारायची, अस्तर कसं उचलायचं, खिशाच्या कोपऱ्यात दोनदा टाका का घालायचा. कप्तानाला सुद्धा त्यांनी सोडलं नाही. त्याच्याच कोटाच्या कोपराला त्याच्याच हातानं ठिगळ लावायला लावलं. त्यानं तीनदा बोट टोचून घेतलं.

आठवडा सरला आणि कप्तान खेळायला बसला. आता कोट उलटा करावा लागत होता, आणि उलटा केला की आतल्या खिशात बापाची घडी घातलेली चिठ्ठी सापडत होती. वाचायची, की तशीच आत शिवून टाकायची? कुणी काही सुचवत नव्हतं. त्यानं शिवून टाकली. घाईत, वेडीवाकडी. मग पुढे निघाला, डोंगर चढला, पूल ओलांडला, दोन तास खेळला. बर्फात मुलीचे हात गारठले आणि तिनं ते कोटाच्या आत खुपसले. पडद्यावर आतला खिसा जवळून दिसला. तीच वाकडी शिवण, एक टाका सुटलेला, आणि त्या फटीतून चिठ्ठीचं टोक.

कप्तानानं यंत्र खाली ठेवलं.

"हे मी केलंय," तो म्हणाला.

"हो," भाची म्हणाली. "गेमनं लक्षात ठेवलंय."

प्रसंग राहिला. तीन मिनिटांचा सहा मिनिटांचा झाला. गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यात एक ओळ आली: शिवणकाम – मास्तर. ती त्यांनी तीन वेळा पाहिली, आणि चौथ्यांदा भावाला बोलावून दाखवली.

पुढच्या आठवड्यात कप्तान आपला कोट घेऊन दुकानात आला. बाहीचं बटण तुटलं होतं. मास्तरांनी सवयीनं कोट उलटा केला. कोपरावरचं त्याचं ते ठिगळ चांगलंच वाकडं होतं.

"हेही उसवून नीट करून देऊ का?"

"नको," तो म्हणाला. "बटण तेवढं लावा."

हल्ली गिऱ्हाईकाचं माप घेता घेता मास्तर टेपनं छताकडे खूण करतात. वर माझी भाची गोष्टी लिहिते, असं सांगतात. चांगल्या लिहिते का, असं कुणी विचारलंच, तर टेप गळ्यात टाकून उत्तर देतात,

"आतून पाहिल्यात मी. शिवण पक्की आहे."