अध्यक्षांच्या बंगल्याची खुंटी

कामरगावातला जिनिंग सोसायटीच्या अध्यक्षांचा सागवानी बंगला आता संग्रहालय झाला आहे. आत अध्यक्ष उदयसिंगांचा चष्मा, काठी, पानाचा डबा, बसायची गादी. जणू माणूस नव्हे, देवच राहून गेला! दारावर पाटी : 'हा बंगला अध्यक्षांनी उभारला.' चतुराबाईनं ती नातीकडून वाचून घेतली आणि पचकन थुंकली. उदयसिंगानं जन्मात एक पाचर ठोकली नव्हती. बंगला बांधला तिच्या नवऱ्यानं, दोन वर्षं खपून, एकही खिळा न वापरता. लाकडाला लावायचं जवसाचं तेल तीच कढवून देत होती.

संग्रहालय समितीचा सचिव नरेंद्र म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांतलं दीडशहाणं. पाटीवर मिस्त्रीचं नाव घाला, एवढ्यासाठी तिनं त्याच्याकडे सात खेपा घातल्या.

"आजी, इतिहासात मिस्त्री नसतात," तो हसून म्हणाला.

उद्घाटनाच्या सकाळी बंगल्यानंच त्याची जिरवली. रंगारी दार ओढून गेले आणि आतला आडणा, दाराचा आडवा दांडा, आपोआप पडला. पाहुणे गळ्यात हार घालून उन्हात ताटकळले. धक्के मारून झाले, शेवटी पहार मागवली. चतुराबाई समोरच्या ओट्यावर बसून मजा बघत होती. चौकटीतली एक खुंटी बाहेरून ओढली की आडणा सरकतो, हे मिस्त्रीनं फक्त बायकोला सांगितलं होतं.

नरेंद्र धावत आला. "आजी, तुमाले माहीत असंन. उघडून द्या ना!"

"पयले नाव लिव."

"बरं, लिवतो. काय नाव?"

इथं बाई अडली. नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, तो गेल्यावरही नाही. सारं गाव तिच्याकडे बघत होतं. तिनं पदर सावरला.

"ग्यानबा मिस्त्री! लिव, काय पाहून राह्यला?"

नरेंद्रनं पाटीवर खडूनं लिहिलं. तिनं खुंटी ओढली, दार उघडलं, टाळ्या वाजल्या. अर्थात अध्यक्षांसाठी.

दुसऱ्या दिवशी पाटी ओल्या फडक्यानं पुसलेली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं खुंटी अख्खी उपसून काढली आणि कनवटीला लावली.

आता ते दार लावलं की बाहेरून उघडत नाही. दुसरी खुंटी बसवून पाहिली, ती नुसतीच हातात येते. म्हणून मधे दगड ठेवलाय आणि शेळ्या अध्यक्षांच्या गादीवर लेंड्या टाकतात. नरेंद्र रोज चतुराबाईच्या दारात.

"आजी, खुंटी द्या. नाव पुन्हा लिवतो."

"साऱ्या गावासमोर एकडाव नाव घेतलं मी त्याईचं. खडूनं लिवाले नाही घेतलं. कोरून आण, मंग ये."

आणि ती दार लावून घेते. तेही ग्यानबानंच केलेलं, नीट लागतं.