ताकदीची पावडर

"आजी, ती पावडर डब्यात येते की पुडीत?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"पुडीत. डब्बा काहून लागते? चिमूटभर तर असते," मी म्हटलं.

माझा मुलगा मिलिंद खाली मान घालून बसला. त्याचं खरं दुखणं त्या दिवशी कळलं, तेही माझ्याच तोंडून.

मिलिंदला एचआयव्ही आहे. रोज गोळी घेतली की विषाणू दबून राहतो. काही वर्षं तो ठणठणीत होता. मग बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी लागली आणि तो वाळत गेला. जेवण नाही, झोप नाही, कामाला मात्र वाघ. विचारलं तर म्हणे, "ताकदीची पावडर घेऊन राहिलो, माय." मी वरून दूध वाढवून घेतलं, त्यात घालून पी म्हणून.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, वाढलेली आली. गोळ्या बदलायचं बोलणं सुरू झालं. तेव्हा मी पावडरचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा ती एमडी निघाली, म्हणजे मेफेड्रोन. नशा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानं भूक आणि झोप मरते, हृदय धावत राहतं. शरीराची लढायची ताकद खचते. त्यात गोळ्या चुकल्या की विषाणू मोकाट सुटतो." गोळ्या चुकत होत्या, हे मिलिंदनं तेव्हा कबूल केलं.

बाहेर आल्यावर तो चिडला. "तू काहून बोलली वं, माय?"

"मले का माहीत, तू नशा करून राहिला? माहीत असतं तर पहिलेच बोलली असती."

डॉक्टरीणबाईंनी त्याला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात भरती करून घेतलं. तिथे आधी तो नुसता झोपला. उठवलं की अंगावर यायचा. घरी आल्यावर एकदा पुन्हा पावडर घेतली, पण डॉक्टरीणबाईंना स्वतः जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. गोळ्या त्याच राहिल्या, फक्त चुकल्या नाहीत. पुढच्या तपासणीत विषाणू दबलेला आला. आता तो दिवसपाळीला जातो.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर डॉक्टरला सगळं सांगा. ते पोलीस नाहीत. आपण रोग सांगितला आणि पुडी लपवली, तर औषध तरी काय करणार?

काल जेवताना मिलिंद म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं. तरी मी वाढलं. त्यानं दोनदा भाजी घेतली.