उताऱ्याखालचे प्रश्न आणि परशुराम

मोठ्या माणसांना शाळेत घातलं की किस्से शोधावे लागत नाहीत. पोराची चूक कुणाच्या लक्षात राहत नाही, पण चाळिशीतल्या माणसाची चूक रामनगरच्या बसस्टँडवर चहाबरोबर वाटली जाते. माझ्या किती वाटल्या गेल्या, देव जाणे!

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही दोघे टेंपररी. मी जुना, आणि कॅसलरॉकचा परशुराम नवा. कायम जागा एकच. आमचं रामनगर कर्नाटकात, ऑफिसचे कागद कन्नडमध्ये, म्हणून कमिटीनं ठरवलं, दोघांना एक कन्नड उतारा द्यायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं जो नीट लिहील तो कायम. बाजारातलं कन्नड आम्ही दोघेही फाडफाड बोलतो. पण शाळा मराठी, त्यामुळे पुस्तकातलं कन्नड समोर आलं की दातखीळ! मग रिटायर्ड हेगडे मास्तरांच्या ओसरीवर संध्याकाळची शिकवणी लावली. पहिल्याच दिवशी मास्तर परशुरामला "शाब्बास!" म्हणाले आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते परीक्षेपर्यंत थांबलं नाही.

*

माझी पद्धत सरळ होती. शब्द अडला की डिक्शनरी. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची, ते सोडा. परशुराम मात्र सुसाट वाचायचा.

"अरे, मधला शब्द कळला का तुला?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई सर. वळख न्हाई म्हणून वळसा घालून गेलो. म्होरं गेल्यावर कळंल की."

"शाब्बास!"

दुसऱ्या दिवशी मीही वळसे घातले. मास्तरांनी विचारलं, धडा कशावर आहे? मला सांगता येईना.

"देसाई," मास्तर म्हणाले, "तुम्ही गावात शिरलाच नाही. नुसता वळसाच घातला!"

*

मास्तर कधी कधी नुसतं धड्याचं नाव वाचायला लावायचे आणि आत काय असेल ते ओळखा म्हणायचे. एकदा नाव होतं 'आमची बस'.

परशुराम पुस्तक न उघडता म्हणाला, "बस आली नसंल सर."

मी अख्खा धडा वाचून काढला. बस वेळेवर आली होती, सीटही मिळाली होती. मी तसं सांगितलं. मास्तर म्हणाले, "बरोबर. पण परशुरामनं डोकं चालवलं!"

म्हणजे चुकला तरी शाब्बासकी त्यालाच! घरी येऊन मी ताक मागितलं, तेही आंबट निघालं.

*

मग मला त्याची लबाडी सापडली. तो उतारा वाचायच्या आधी खालचे प्रश्न वाचायचा! मग वर जाऊन तेवढंच हुडकायचा. मी तावातावानं बायकोला, मंदाला, सांगितलं, "ही काय वाचायची रीत झाली?"

"मग काय चुकलं?" मंदा म्हणाली. "मी बी काय पायजे ते ठरवूनच बाजारात जाते. तुम्ही सगळा बाजार हिंडता आनि मीठ इसरून येता!"

परशुरामचं कौतुक आता माझ्या स्वयंपाकघरातही पोचलं होतं.

*

वाघाचा उतारा आला तेव्हा मी खूश झालो. म्हटलं, आपलं गावच जंगलातलं, इथं आपणच राजे. प्रश्न होता, 'वाटेत वाघ दिसल्यावर माणसानं काय केलं?' मी लिहिलं, 'जागेवर उभा राहिला. वाघाला जाऊ दिलं. मग वाघाला चाहूल लागावी म्हणून खोकत खोकत घरी आला.'

मास्तरांनी भोपळा दिला. उताऱ्यातला माणूस झाडावर चढला होता.

"सर, आमच्याकडं कुणी झाडावर चढत न्हाई!"

"देसाई, मी उताऱ्यातल्या माणसाचं विचारलंय. तुमच्या गावाचं नाही."

परशुरामनं झाड लिहिलं होतं, हे सांगायला नकोच.

*

शेवटी परीक्षा झाली. उतारा असा होता. दोन शेजारी. एकाच्या विहिरीला पाणी लागलं. सगळा गाव बघायला गेला, दुसराही गेला. घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं, तर तो न जेवताच उठला. बाकीचे प्रश्न किरकोळ होते. शेवटचा होता, 'तो का जेवला नाही?'

मला एकही शब्द अडला नाही. डिक्शनरीची आठवणसुद्धा झाली नाही. लिहीत सुटलो. पान संपलं, मी पुरवणी मागितली!

त्याच एका प्रश्नावर मी पुढं गेलो आणि कायम झालो. संध्याकाळी परशुराम जिलेबी घेऊन माझ्या घरी. तोंड भरून हसला, माझ्या पाया पडला.

"अण्णा, तुमीच पायजे होता. पन एक सांगा. त्यो मानूस का जेवला न्हाई, ते कुठल्या वळीत लिवलं होतं वो? मी परत परत हुडकलं. गावलंच न्हाई. शेवटी लिवलं, कालवन बिघडलं आसंल."

मी जिलेबीचा पुडा सोडायला घेतला.

मंदानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि ताट घेत म्हणाली, "भावजी, आज हितंच जेवून जावा."