बघायचं काम आईकडं होतं

आमच्या घरी भुतांची मालिका भरदुपारी बघितली जायची. मूळ भाग आठवड्यात एका रात्री लागायचा, पण हदगावात ती वेळ भारनियमनाची होती. त्यामुळं आमच्या गल्लीनं ती मालिका रात्री कधी पाहिलीच नाही. रविवारी दुपारी दोन वाजता तोच भाग पुन्हा दाखवत. बाहेर ऊन, डोक्यावर तापलेले पत्रे आणि पडद्यावर धुक्यातला बंगला. उन्हाची तिरीप काचेवर येते म्हणून खिडकीला सतरंजी बांधायची, दाराला आतून कडी घालायची आणि कूलर बंद करायचा, कारण कूलर चालू असला की भुताचे पैंजण ऐकू येत नसत. अर्ध्या तासात सगळे घामानं निथळत. कूलर लावा असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी चौथीत असताना मालिका सुरू झाली आणि कॉलेजसाठी नांदेडला गेले तरी चालूच होती. एक गोष्ट चार-पाच आठवडे चाले. भाग बहुतेक वेळा दार उघडता उघडता संपे. मग दारामागं काय असेल यावर शाळेत सहा दिवस वाद चालत. माझा अंदाज सहसा चुकायचा. तरी पुढच्या आठवड्यात मी तितक्याच खात्रीनं नवा अंदाज सांगायची.

बघणारे चौघं होते. पहिले बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. भूतबित काही नसतं हे ते मुलांना शिकवत आणि रविवारी पावणेदोनलाच टीव्हीसमोर येऊन बसत. दुसरी आई. तिसरी मी. चौथ्या समोरच्या घरातल्या काकू. त्यांच्याकडं स्वतःचा टीव्ही होता, आमच्यापेक्षा मोठा, पण त्यावर त्या ही मालिका एकट्यानं लावत नसत. येताना भाजलेल्या शेंगा आणत.

आमचा एक नियम होता. भुताची चाहूल लागली की तिघांनी डोळे झाकायचे. काकू तोंडावर पदर घेत, मी उशीमागं जाई, बाबा त्याच क्षणी चष्मा पुसायला घेत. आईनं बघायचं आणि काय चाललंय ते सांगायचं. भूत पडद्यावरून गेलं की तिनं तसं जाहीर करायचं, मग सगळ्यांनी डोळे उघडायचे.

"आलं का वो?" काकू पदरातून विचारत.

"आलंय. जिन्यात हाय."

"पाय?"

"उलटेच हायत."

"काय करून राहिलंय?"

"काही न्हाई. उभंय. बघून राहिलंय."

"कोणाकडं?"

"तुमच्याकडं."

काकू किंचाळत. "तुझी माय लई बदमाश हाय गं!" हे मला उद्देशून असे. आई सुपातले खडे वेचत शांतपणे म्हणे, "थांबा. थांबा. हां, गेलं. उघडा."

नांदेडला जाईपर्यंत भूत असं मी पूर्ण पाहिलंच नाही. मला आठवतं ते आईनं सांगितलेलं. मोकळे केस, एक बांगडी फुटलेली, पांढऱ्या लुगड्याला काठ नाही. शाळेत मी हेच वर्णन स्वतः पाहिल्यासारखं करायची.

मी नांदेडला गेल्यावर मालिकेची धाटणी बदलली. आधी भूत असेपर्यंत संगीत वाजे आणि भूत गेलं की थांबे. नवीन भागांत संगीत आधी थांबायचं, प्रेक्षक सैल व्हायचा आणि भूत तिथंच असायचं. सुट्टीत घरी आले तेव्हा आईच्या चुका सुरू झाल्या होत्या. तिनं "गेलं, उघडा" म्हणावं, आम्ही डोळे उघडावे आणि पडद्यावर अख्खा चेहरा. काकूंच्या हातातल्या शेंगा खोलीभर सांडल्या. बाबा म्हणाले, "आवो, तुमचं काम आता बरोबर न्हाई. बदलीचा अर्ज लिहून द्या."

"मला काय माहीत, ते परत येईल म्हणून," आई म्हणाली. सगळे हसले. ती मुद्दाम करते, असं आम्ही धरून चाललो. काकू तर गल्लीत सांगत फिरल्या, की मास्तरीणबाई आता भुताच्या बाजूनं झाल्या.

बारावीची परीक्षा देऊन आले त्या उन्हाळ्यात एका रविवारी टीव्हीचा आवाज गेला. चित्र ठीक होतं. बाबांनी वरून दोन थापा मारल्या, उपयोग झाला नाही. भाग सोडायचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही मुकाट बघायला लागलो. नायिका कंदील घेऊन गच्चीवर चालली, तेव्हा सवयीनं तिघांनी डोळे झाकले.

"आलं का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई अजून."

बराच वेळ गेला. "आता?"

"न्हाई म्हणलं ना."

मी उशी खाली केली. भूत आलेलं होतं. पडद्याच्या डाव्या बाजूला, कठड्याला टेकून, स्पष्ट. आईची मान सरळ पडद्याकडं होती. डोळे उघडे होते. चेहऱ्यावर भीती नव्हती, गंमतही नव्हती. ती वाट बघत होती.

भाग संपल्यावर पाण्याचा पेला तिच्या डाव्या बाजूनं पुढं धरला. तिनं घेतला नाही. उजवीकडून धरला तेव्हा म्हणाली, "कधी आणलंस?"

काकू गेल्यावर तिला विचारलं, केव्हापासून?

"काय केव्हापासून?"

"तुला दिसत न्हाई."

"दिसतंय की. सतरंजीमुळं जरा अंधार वाटतो." मग सतरंजीची गाठ सोडता सोडता म्हणाली, "आवाजावरनं कळायचं मला. तुम्ही तिघं भ्यायचा. कोणीतरी बघून राहिलंय, असं तुम्हाला वाटाया पाहिजे ना."

त्याच आठवड्यात आम्ही तिला लातूरला नेलं. तिथं मामा राहायचा आणि त्याच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी काचबिंदूची शंका सांगितली. डावा डोळा जवळपास गेला होता. उजव्यात किती उरलं आहे, हे तपासल्याशिवाय औषध ठरणार नव्हतं. उशीर झाला असेल तर तोही जाईल, हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं.

तपासणीचं यंत्र मोठं पांढरं पातेलं आडवं ठेवावं तसं होतं. हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार केला होता. मी दाराशी उभी होते. आई एका लयीत बटण दाबत होती. मला हायसं वाटलं.

तपासणाऱ्या बाईंनी मधेच यंत्र थांबवलं. "मावशी, दिवा नसतानाही दाबून राहिल्यात तुम्ही."

त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं.

मग मला ऐकू आलं. प्रत्येक दिव्याआधी यंत्र जागा बदलताना अगदी हलका आवाज करत होतं. ती त्यावर दाबत होती.

मी आत गेले. "आई, आवाजाकडं लक्ष देऊ नको. दिसलं तरच दाब."

"आन् न्हाई दिसलं तर?"

"तर न्हाई दाबायचं."

"मग तिथं रिकामं राहील ना गं."

"राहू दे."

तपासणी पहिल्यापासून झाली. या वेळी लय नव्हती. एक टिचकी, मग दोन लागोपाठ, मग इतका वेळ काहीच नाही की बाईंनी वाकून तिच्याकडं पाहिलं. ती जागी होती. ठिपक्याकडं बघत होती आणि अंगठा बटणावर तसाच ठेवला होता. कागदावर उजव्या डोळ्याला कुठं दिसतं त्याचा नकाशा आला, त्याची डावी बाजू काळी, उजवी बरीचशी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काळं आहे ते परत येणार नाही. स्वच्छ आहे ते थेंबांनी टिकवता येईल, पण थेंब चुकवायचे नाहीत. थेंब आजही चालू आहेत आणि ती बाजू अजून टिकून आहे. मालिका मात्र नंतर दोनेक वर्षांत बंद झाली, मधल्याच एका गोष्टीवर.

त्या दिवशी लातूरहून परतताना आईनं एसटीत आधी सगळ्या जागा पाहून घेतल्या. मी एका बाकाजवळ थांबले होते. ती म्हणाली, "इथं न्हाई. खिडकी माझ्या उजव्या हाताला येईल असं बसू." तशी जागा मागच्या बाजूला मिळाली. अहमदपूरपर्यंत ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती, गावांची नावं, खताची दुकानं, मंगल कार्यालयं, सगळं मोठ्यानं. पुढच्या बाकावरच्या माणसानं दोनदा वळून पाहिलं. लोहा जवळ आलं तेव्हा गाडी फाट्यावर थांबली. या बाजूला नुसतं शेत होतं. तिनं जराशी मान वळवली आणि मला विचारलं, "त्या अंगाला काय लिवलंय गं? मला न्हाई दिसत."