पटले सर आणि सुनीताचा गुडघा

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवरीच्या स्टँडवर गोंदियाच्या बसची वाट पाहत होते. त्यांनाच भेटायला निघाले होते. बस आली, मी चढले... दवाखान्याऐवजी आता घाटावर जायचं होतं, एवढाच फरक.

पटले सर आमच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायला आले ते दोन हजार सालाच्या आसपास, तात्पुरत्या नेमणुकीवर. धानाच्या गावांतल्या पोरी त्यांनी आईबापांच्या हातापाया पडून मैदानावर आणल्या. मी त्यांतलीच एक. सर प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. चुकलं की ते सगळ्यांसमोर बाप काढत, रडणारीला आणखी पळवत. फक्त सुनीतासमोर त्यांची जीभ मवाळ व्हायची. बोदलकसा तलावाजवळच्या गावची ती पोर चेंडू घेऊन निघाली की पाहणारे बोलायचे थांबत.

विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात ती पडली. गुडघ्यातून आलेला आवाज मी ऐकला. सर धावत आले, तिच्यावर वाकले.

"उठ. कुछ नहीं हुआ."

"सर, पाय टेकता नाही येऊन राहिला."

"थोडंच राहिलं आहे. उठ, बेटा."

बेटा असं त्यांनी आमच्यापैकी कुणालाच कधी म्हटलं नव्हतं. ती त्या एका शब्दासाठी उठली, असं मला आजही वाटतं. आम्ही जिंकलो.

सुनीताचा पाय मात्र कायमचा गेला. धानाच्या रोवणीच्या चिखलात तिला उभं राहता येईना. ठरलेलं लग्न मोडलं. त्याच वर्षी, त्या विजयाच्या जोरावर, सर नोकरीत कायम झाले. पेढे घेऊन ते तिच्या घरी गेले, मी सोबत होते. तिचे वडील अंगणातच आडवे आले.

"पोरीचा पाय गेला न तुमाले नोकरी लागली. पेढे कायले आनले, सर?"

कुणी बसा म्हटलं नाही. सर डबा धरून उन्हात उभे राहिले... मग तसेच परतले.

त्यानंतर ते बदलले, आणि तेच खेळाच्या मुळावर आलं. पोरगी जरा लंगडली की ते तिला बाहेर काढत. हातातले सामने गेले. "तुम्हाला कायम केलं ते हरायला का?" असं प्राचार्य शिपायांदेखत विचारत. पोरी येईनाशा झाल्या, संघ मोडला, कोर्टावर मोटारसायकली लागू लागल्या. सर रोज शिटी गळ्यात घालून त्या गाड्यांसमोर खुर्ची टाकून बसत. पोरं हसायची.

पोटाच्या कॅन्सरने ते अंथरुणाला खिळले तेव्हा मला म्हणाले, "सुनीताले एकदा घेऊन ये. काही मागत नाही. नुसतं पाहतो."

मी गेले. ती एका पायाने शिलाई मशीन चालवत होती. ऐकताना मशीन थांबवलं नाही.

"मी आली का त्यांचं दुखनं हलकं होईन," ती म्हणाली. "माह्यं कोनं हलकं केलं? नाही येत."

सरांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "बराबर आहे तिचं," आणि भिंतीकडे वळले. ती आमची शेवटची भेट.

शोकसभेसाठी कॉलेजला त्यांचा एकट्याचा फोटो सापडेना. मग विजयाच्या दिवशीच्या फोटोतून सरांना तेवढं कापून मोठं केलं आणि हार घातला. फोटोत ते हसताहेत. खांद्यावर कुणाची तरी बोटं आहेत, शर्टात घट्ट रुतलेली. सुनीता त्यांच्या आधाराने एका पायावर उभी होती. बाकीची ती कापली गेली, बोटं राहिली.

फोटो आता स्टाफरूममध्ये आहे. परवा मी कॉलेजात गेले होते, तेव्हा तिथल्या नव्या क्रीडाशिक्षकांनी मला विचारलं, "मॅडम, हा हात कोणाचा?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.