फुंकऱ्या

माझा मोठा भाऊ पॉलिहाऊसमधल्या फुलांवर औषध मारतो. तिथे त्याला सगळे फुंकऱ्या म्हणतात. पंपाचं नोझल तुंबलं की बाकीचे तार शोधत बसायचे. हा पठ्ठ्या ते काढून सरळ ओठांना लावायचा, जोरात एक फुंकर मारायचा, की काम फत्ते. लहानपणी माझा गुडघा फुटला की त्यावरही तो फुंकर घालायचा. त्या फुंकरीचा मला केवढा अभिमान होता! आता आठवलं की अंगावर काटा येतो.

परवा तो घरी आला तेव्हा ओठ निळे पडलेले. लघवी कोऱ्या चहासारखी झाली म्हणाला. "उष्णता झालीय गं, दुसरं काही नाही." एवढं बोलतानाही त्याला धाप लागली. वहिनीने त्याचं काही एक न ऐकता त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सुईने काढलेलं रक्त लाल नव्हतं, तपकिरी होतं. फवारणीच्या औषधाने ते नासलं होतं, त्यात प्राणवायू वाहून न्यायची ताकद उरली नव्हती. फुटलेल्या रक्तपेशींचा गाळ मूत्रपिंडांत जाऊन बसला होता. रक्तासाठी बाईंनी शिरेतून एक निळं औषध दिलं. ओठ हळूहळू उजळले, पण लघवीसाठी नळीला लावलेली पिशवी कोरडी ठणठणीत.

"संध्याकाळपर्यंत वाट पाहू, नाहीतर डायलिसिस," बाई म्हणाल्या. "त्यानंतरही मूत्रपिंडं चालू होतीलच, असं मी सांगू शकत नाही."

वहिनीची नजर पिशवीवरून हलेना. माझं मात्र डोकं फिरलं होतं. "तुला तार मिळत नव्हती का रे?" मी भर वॉर्डात ओरडले.

"तारेने भोक मोठं होतं गं," तो ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाला. आता या माणसाला काय म्हणावं!

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. नर्सने डायलिसिसचं मशीन खाटेजवळ आणून लावलं. इतक्यात वहिनीने माझं मनगट करकचून धरलं. पिशवीच्या नळीतून काहीतरी सरकत होतं, हिरवंनिळं. मी नर्सला हाक मारली.

"सिस्टर, हे काय?"

"त्या निळ्या औषधाचा रंग आहे. लघवी होतेय त्यांना!"

पिशवीचा तळ झाकला गेला. डॉक्टरीणबाईंनी मशीन तूर्त बाजूला घ्यायला सांगितलं, आणि इतका वेळ दगडासारखी बसलेली वहिनी हमसून हमसून रडली.

दादाने डोळे उघडले. "तिकडे माझा पंप कोण चालवतंय? नोझल तुंबलं तर?"

वहिनीने पदराने त्याचे ओठ पुसले.

"तुंबू दे," ती म्हणाली.