पहिलं गिऱ्हाईक कोण होणार?

अन्याय झाला तो भागीरथीवर. महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या पहिल्या गुढीपाडव्याला, सकाळी दहा वाजता, आमच्या गावच्या नव्या मासळी बाजाराच्या भिंतीपुढे. मालवणच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. भर गर्दीत, बँडच्या गजरात हे घडलं. करणारे सगळे शिकलेसवरलेले होते. मी तेव्हा शिडीवर होतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं.

मी पेंटर आहे. भिंतीवर मोठी माणसं काढतो. मोठी म्हणजे मापाने. निवडणुकीच्या घोषणा आणि मोर्चांचे फलक रंगवत हात बसला, मग चेहऱ्यांकडे वळलो. बाजार कमिटीने नव्या इमारतीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चित्राची ऑर्डर दिली, तेव्हा त्यांच्या मनात गलबतं होती. मी म्हटलं, "गलबतं बंदरावर दिसतातच. बाजारात जी माणसं बसतात, त्यांतलं एखादं काढू."

अध्यक्षसाहेब म्हणाले, "कोणाचंही काढा. पण हसतं काढा."

मी भागीरथीकाकीला विचारलं. तिचा नवरा फत्तेमारीवर, म्हणजे मालाच्या शिडाच्या गलबतावर खलाशी. वर्षाचे आठ महिने दर्यावर. घर चालतं ते काकीच्या मासळीच्या पाटीवर. बाजारात तिचा आवाज सगळ्यात मोठा. ती म्हणाली, "काड रे झिला, पण माजा नाक आसा तेवडाच काड. भिंत मोटी गावली म्हणान नाक वाडवू नको."

नाक वाढवावं लागतंच. चेहरा चौदा फूट उंच करायचा तर आधी कागदावर लहान स्केच करतात आणि त्यावर चौकटी आखतात. मग गेरूत भिजवलेल्या दोरीने भिंतीवर तितक्याच चौकटी मारतात, मोठ्या. कागदावरच्या चौकटीत जेवढं आहे तेवढंच भिंतीवरच्या चौकटीत उतरवायचं. शिडीवर असताना चेहरा दिसत नाही, नुसती नाकपुडी दिसते. दर थोड्या वेळाने खाली उतरून रस्त्यापलीकडे जायचं, बघायचं, पुन्हा चढायचं. काकी पाटी घेऊन येता-जाता थांबायची आणि ओरडायची, "कुकू लावलंस मां? विसरशीत हां!" मी कुंकू लावलं. ठसठशीत, परातीएवढं.

पाडव्याच्या सकाळी चित्रावर पडदा होता. पडद्याच्या वर दोन बाजूंना मोठे खिळे ठोकलेले दिसले. मी विचारलं, तर शिपाई म्हणाला, "तोरणासाठी." मी मानलं.

अध्यक्षसाहेब आले. मी शिडीवरून पडद्याची दोरी सोडली. टाळ्या झाल्या. काकी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत उभी होती, लाजत होती. एवढ्यात शिपायाने काठीने झेंडूचा जाडजूड हार वर केला आणि त्या खिळ्यांना अडकवला. चित्राच्या कपाळावरून दोन्ही गालांवर हार लोंबला. खाली उदबत्तीचा पुडा पेटवला. अध्यक्षसाहेबांनी चपला काढल्या, हात जोडले, मान खाली घातली. मागे सगळ्या कमिटीने मान खाली घातली.

घोटाळा काय झाला ते सांगतो. अध्यक्षसाहेबांनी जन्मभर ज्या तसबिरींची अनावरणं केली, त्या सगळ्या दिवंगतांच्या. पडदा, हार, उदबत्ती, नमस्कार. हात आपोआप चालले. तसबीर कोणाची, ती बाई कुठे आहे, हे कोणी पाहिलंच नाही. ती चार हातांवर उभी होती!

मी वरून ओरडलो, "अहो, हार नको! बाई जिवंत आहेत, त्या काय तुमच्या पुढ्यात!" बँड वाजत होता. तो थांबेपर्यंत लोकांनाच कळलं. आधी कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "गो बाय, जित्या सवाष्णीक हार? आणि तोय पाडव्यादिशी? घोव दर्यार आसा तिचो."

अध्यक्षसाहेब घाम पुसत पुढच्या कार्यक्रमाला लागले. काकीला एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी पाटी घेऊन बसली. बाजारात भवानीला फार महत्त्व. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती चांगल्या हातून झाली की दिवस चांगला, असं विकणारा मानतो आणि घेणाराही मानतो. त्या दिवशी काकीची भवानी करायला कोणी थांबेना. थेट नाही म्हणायचं धैर्यही कोणाला नव्हतं. प्रत्येकीचं एकच, "तू दुसऱ्या कोणाक दी आदी, मगे मी घेतंय." दुसरं गिऱ्हाईक व्हायला सगळा गाव तयार. पहिलं व्हायला कोणी नाही. दुपारी काकीने बांगडे उचलले आणि मीठ लावायला घरी नेले.

मी रोज जाऊन घ्यायला लागलो. तर शेजारच्या पाट्यांवरच्या बायका म्हणाल्या, "पेंटराची भवानी धरूची नाय. तेनाच तिका भिंतीर नेल्यान."

मी कमिटीतल्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, "मी असल्या गोष्टी मानत नाही. विसावं शतक आहे." मी म्हटलं, "मग घरी सांगा, मासळी काकीकडून घ्या." वकील म्हणाले, "ते खातं घरच्यांकडे आहे." घरच्या बाई माझ्या डोळ्यांदेखत काकीला वळसा घालून पलीकडच्या पाटीवर गेल्या. विसावं शतक उंबऱ्यावर थांबलं, स्वयंपाकघरात काही गेलं नाही.

मग अध्यक्षांकडे गेलो.

"साहेब, हार तुम्ही घातलात. तुम्हीच बाजारात चला आणि पहिली मासळी घ्या. चार लोकांनी बघू दे."

"आमच्याकडे मासळी आणायला गडी जातो."

"मग गड्याला पाठवा."

"त्याला कसं सांगणार? तो मानतो हो असलं."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला मानेन? पण उगाच विषय वाढवू नका. आम्ही योग्य तो निर्णय घेतो."

योग्य तो निर्णय मला भिंतीवरच दिसला. कमिटीने माणूस लावून चित्रावर चुना फासला होता. मला विचारलं नाही, काकीला विचारलं नाही. चित्र गेलं की लोक विसरतील, असा हिशोब. काकी भिंतीखाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बगितलंस? हार घातल्यानी तेवा मी मेलंय. आता तोंड पुसल्यानी, म्हणजे सुतकय फिटला. बाराव्याक जेवक कोण कोण येतला, इचार तुज्या अध्यक्षाक."

मी म्हटलं, "काकी, मी चित्र पुन्हा काढतो. भांडतो त्यांच्याशी."

"भिंत नको माका, झिला. माका बाजारात भवानी होयी. घोव घराक येयपर्यंत चूल पेटाक नको?"

आता कामातली एक साधी गोष्ट सांगतो, जी कमिटीने कोणत्याही पेंटरला विचारली असती तर कळली असती. चुना सुका असतो तेव्हा पांढरा दिसतो, ओला झाला की त्यातून आरपार दिसतं. एका हाताच्या, म्हणजे एकदाच फासलेल्या चुन्याने गडद रंग झाकला जात नाही. परवा वळवाची सर आली आणि भिंत भिजली. डोळे वर आले, कुंकू वर आलं, हसू वर आलं. ऊन पडल्यावर पुन्हा पांढरं. आता लोक त्या रस्त्याने लवकर घरी जातात. भागीरथी भिंतीतून बघते म्हणतात. चार महिने पाऊस लागेल, भिंत सुकणार नाही, तेव्हा काय म्हणतील?

अध्यक्ष म्हणतात, विषय संपला. काकी रोज सकाळी पाटी घेऊन बसते आणि रोज बांगड्यांना मीठ लावते. होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस जवळ आले. त्यानंतर ताजी मासळी नाही. या थोड्या दिवसांत जे विकेल, त्यावर तिचा पावसाळा निघायचा आहे.

अंधश्रद्धेवर भाषण करणारे खूप आहेत. मला भाषण नको. हे वाचणारे तुम्ही, मासळी खाता ना? मग उद्या सकाळी पिशवी घेऊन स्वतः बाजारात या. गडी पाठवू नका. काकीपुढे बसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव करा, आणि कोणी घेण्याच्या आधी तुम्ही घ्या.